पंचवीस ठिपक्यांचा चमचा

राजांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळी डोंगर आणि नदी यांच्यामध्ये एक राज्य होतं. लहानांनो, आणि आपणही कधी लहान होतो हे विसरलेल्या मोठ्यांनो, त्या राज्यात सोन्याच्या खाणी नव्हत्या, हत्ती नव्हते, सैन्यही बेताचंच होतं. तरी तिथली माणसं शेजारच्या राज्यात गेली की मान ताठ ठेवून चालत. त्यांना अभिमान होता तो आपल्या चमच्यांचा.

हसू नका. चांदीचा चमचा घडवावा तर त्या राज्यातल्या सोनारांनीच. त्याची कड बाळाच्या ओठाला कधी टोचत नसे, आणि खीर कधी हनुवटीवर ओघळत नसे.

घरातलं मूल सहा महिन्यांचं झालं की त्याचं उष्टावण होई. मामा पाटावर बसे, भाच्याला मांडीवर घेई आणि चांदीच्या चमच्याने त्याला खिरीचा पहिला घास भरवी. आता प्रत्येक घरी चांदी कुठून असणार? ज्याच्याकडे चमचा असे, तो शेजारीपाजारी मागायला आले की देई. उष्टावण उरकलं की चमचा सोनाराकडे जाई आणि सोनार त्याच्या दांड्यावर खिळ्याच्या टोकाएवढा एक ठिपका ठोकी. एक मूल, एक ठिपका. नवाकोरा चमचा कुणी फुकट देऊ केला तरी लोक नाक मुरडत. जो अजून कुणाच्या तोंडाला लागला नाही त्याचा भरवसा काय, असं त्यांचं म्हणणं.

दरवर्षी चैत्रात देवीची जत्रा भरे आणि जत्रेत जुन्या चमच्यांचा लिलाव होई. सात राज्यांतले हौशी लोक त्यासाठी येत. तिथे चांदीचं वजन कुणी विचारत नसे, ठिपके किती एवढंच विचारत. पण नुसते मोजून भागत नसे, ठिपके वाचावे लागत. चमच्याचा मालक चौथऱ्यावर उभा राही, एकेका ठिपक्यावर बोट ठेवी आणि त्या मुलाचं नाव आणि गाव सांगी. ते मूल आता मोठं होऊन गर्दीत असलं तर ते ‘आहे’ म्हणून हात वर करी. वारलेलं असलं तर त्याच्या घरचं किंवा गावचं कुणी म्हणे, ‘होता, आमचा होता.’ गावच उठून गेलेलं असेल तर चोपदार ते नाव तीनदा पुकारी, आणि कुणी हरकत घेतली नाही तर तो ठिपका मान्य होई. सगळं वाचून झालं की मगच बोलीला सुरुवात. सगळ्यांत जास्त ठिपक्यांच्या चमच्याला पहिला चमचा म्हणत आणि त्याची बोली सगळ्यांच्या आधी लागे.

दुसऱ्या राज्यांत वस्तूला किंमत असे. आमच्या, चुकलो, त्यांच्या राज्यात वस्तूला माणसं असत.

त्या राज्यात एक शेठ राहत होता. व्यापार मोठा, घर मोठं, पण त्याचा सगळा जीव शिसवी पेटीत होता. पेटीत कापसाच्या गादीवर एकशे चाळीस जुने चमचे ओळीने निजलेले असत. कुणाचा दांडा मोराच्या मानेसारखा, कुणाचा वेलीसारखा पिळलेला. शेठ ते स्वतः रिठ्याच्या पाण्याने धुई. नोकराला हात लावू देत नसे. आणि त्या सगळ्यांत त्याचा लाडका होता तो टोकाला भाताची लोंबी कोरलेला एक चमचा. तो एका सुईणीचा होता. ती घरोघर जाई तेव्हा चमचा कनवटीला असे, म्हणून त्याच्यावर तब्बल एकवीस ठिपके पडले होते.

शेठने तो सुईणीच्या सुनेकडून घेतला तेव्हा तिला सहाच नावं ठाऊक होती. उरलेली पंधरा शेठने शोधली. तीन वर्षं लागली. तो घाट चढला, नदी उतरला, अनोळखी ओट्यांवर बसून म्हाताऱ्यांना जुन्या आठवणी विचारत राहिला. एकवीसच्या एकवीस नावं त्याने जमवली आणि पाठ केली. एवढी मेहनत केलेल्या माणसाने थोडा अभिमान बाळगला तर त्याला कुणी नावं ठेवू नयेत. मी तरी ठेवत नाही.

त्या वर्षी राजाला नात झाली. सगळं राज्य आनंदात होतं, पण एक अडचण निघाली. राजाची सून आईबापांची एकुलती एक. तिला भाऊ नाही, म्हणजे बाळाला मामा नाही. मग पहिला घास भरवायचा कुणी? राजाने आठ दिवस विचार केला आणि दवंडी पिटवली, की यंदाच्या जत्रेतल्या पहिल्या चमच्यावर राजवाडा स्वतः बोली लावील, आणि त्या चमच्याचा मालक मामाच्या पाटावर बसेल. त्या दिवसापासून तो राजकन्येचा मामा.

शेठने जन्मात एक चमचा विकला नव्हता. लोक दुप्पट भाव देऊन थकले होते. पण दवंडी ऐकली आणि त्याने त्याच दिवशी लोंबीचा चमचा पेटीतून काढून वेगळ्या रेशमी रुमालात गुंडाळला. एकवीस ठिपक्यांच्या जवळपास जाईल असा चमचा राज्यात दुसरा नव्हता. मान आपलाच, हे त्याने धरूनच ठेवलं. येता-जाता तो पाट मांडून बसून बघू लागला.

शेठाणी म्हणाली, “गुडघे दुखतात म्हणून देवापुढे पाटावर बसत नाही, आणि आता दिवसातून चारदा बसताय.”

“राजाच्या घरचं बसणं आहे ते,” शेठ म्हणाला.

“बसणं सारखंच असतं हो. उठताना कळेल.”

शेठाणीचं बोलणं असंच असे. शेठने ते मनावर घेतलं नाही.

जत्रेला पंधरा दिवस उरले असताना एक मीठ विकणारा लमाण दारात आला. मीठ मापता मापता तो म्हणाला, “शेटजी, डोंगरात एका म्हातारीकडं बी असा चमचा बघितला मी. दांडा ठिपक्यांनी भरलाय निसता.”

शेठचा हात थांबला. “किती ठिपके?”

“आता मी काय मोजले न्हाईत. पण असतील की तेवीस-चोवीस. म्हातारी जत्रेला येनार म्हनत हुती.”

लमाण मीठ देऊन गेला. शेठला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेवीस-चोवीस. आपले एकवीस. कालपर्यंत जो आकडा त्याला डोंगराएवढा वाटे, तो आज एकदम तोकडा दिसू लागला. डोंगरात जाऊन खरंखोटं करावं, हे त्याला सुचलं नाही. एका नावासाठी तीन-तीन डोंगर चढलेला माणूस, पण त्याच्या पायांना त्या दिवशी डोंगर नकोसा झाला. भीतीला घाई फार.

तो उठला आणि सोनाराकडे गेला. सोनार म्हातारा होता. लोंबीच्या चमच्यावरचे शेवटचे आठ ठिपके त्याच्याच हातचे होते.

“सोनारकाका, याच्यावर चार ठिपके ठोकून द्या,” शेठ हळूच म्हणाला.

सोनाराला आनंद झाला. “वा, शेटजी. चार पोरं जेवली का याच्यानं? कुणाची?”

शेठ रुमालाची घडी चाचपत राहिला. सोनाराने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली हातोडी खाली ठेवली.

“ठिपका ठोकायला मला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही,” तो म्हणाला. “पण मूल कुठून आणू?”

“म्हणाल ती मजुरी देतो.”

“मजुरीचं नाही हो. एकवीस आहेत. अशी देखणी वस्तू माझ्या वडिलांनीसुद्धा पाहिली नव्हती. रुमालात गुंडाळा आणि घरी न्या.”

शेठ घरी आला. दुपारी सगळे पडले असताना त्याने बारीक टोकाचा खिळा घेतला, छोटी हातोडी घेतली आणि एकविसाव्या ठिपक्याच्या खाली चार ठिपके स्वतः ठोकले. राखेने आणि चिंचेने चोळून ते जुने दिसतील असं केलं. जुन्या चांदीचा जाणकार तो, फसवायचं कसं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? मग नावांचा प्रश्न आला. नदीच्या वळणावर पूर्वी एक गाव होतं. एका मोठ्या पुरात ते वाहून गेलं, माणसं उठून कुठे कुठे गेली आणि त्याला चाळीस वर्षं झाली. शेठने चार नावं मनाने रचली, हैबती, गोजरा, सटवाजी आणि मंजुळा, आणि ती त्या गावच्या माथी मारली. उठलेल्या गावातून हरकत घ्यायला कोण येणार?

जत्रेचा दिवस उजाडला. देवीच्या देवळापुढचं मैदान माणसांनी फुललं. राजा आला, सून बाळाला घेऊन आली. सात राज्यांतले हौशी लोक पुढे येऊन बसले. चोपदाराने काठी आपटली आणि विचारलं, की वीसच्या वर ठिपके कुणाचे. शेठ उभा राहिला. नवं उपरणं, नवी पगडी, छाती अशी पुढे काढलेली की तिच्यावर ताट ठेवावं.

“किती?” चोपदाराने विचारलं.

“पंचवीस.”

मैदानभर कुजबुज झाली. पंचवीस ठिपक्यांचा चमचा कुणाच्या आज्यानेही पाहिला नव्हता.

शेठने वाचायला सुरुवात केली. आवाज खणखणीत. पहिला ठिपका, येसू, वरच्या आळीची. एक बाई म्हणाली, ‘होती, आमची होती.’ दुसरा, नथू. ‘होता.’ तिसरा, बयाजी कुंभार. गर्दीच्या कडेला एक पांढऱ्या केसांचा माणूस टाचा उंचावून म्हणाला, “आहे. मीच.” लोकांनी वळून पाहिलं तसा तो लाजला, पण त्याचा हात काही खाली येईना. चौथी ठकू, पाचवा धर्मा. नाव येई, उत्तर येई. कुठे नातू म्हणे होता, कुठे सून म्हणे होती, कुठे स्वतः ते मूल, आता काठी टेकत, म्हणे आहे. एका सुईणीच्या चमच्याने पहिला घास घेतलेली एकवीस माणसं त्या मैदानात एकामागून एक जागी होत होती. राजाची सून डोळे पुसू लागली. खरं सांगतो, त्या क्षणी सगळ्या राज्याला शेठचा अभिमान वाटला. तिथेच थांबला असता तर!

“बाविसावा,” शेठ म्हणाला, “हैबती. नदीच्या वळणावरच्या गावचा.”

कुणी उत्तर दिलं नाही. चोपदार म्हणाला, “ते गाव उठलेलं आहे. मी तीनदा पुकारतो.” त्याने एकदा पुकारलं. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठून उभी राहिली. लुगड्याला चार ठिकाणी ठिगळं, पण पाठ सरळ.

“चोपदारबाबा,” ती म्हणाली, “मी त्या गावची सून. पुरानंतर आम्ही डोंगरात गेलो. नऊ घरांचं गाव होतं आमचं. हैबती नावाचं पोर आमच्यात झालं नाही.”

शेठ हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, “आजी, चाळीस वर्षं झाली. वयानं विसरला असाल.”

“विसरते की,” म्हातारी म्हणाली. “पण पहिल्या घासाला आमच्या गावात चांदी एवढीच होती.” तिने ओच्यातून एक चमचा काढला. डाव्या बाजूची कड झिजून नखासारखी पातळ झालेली. “माझ्या सासूचा. नऊ घरांतलं प्रत्येक पोर याच चमच्यानं जेवलं. दुसरा चमचा आमच्या गावात कधी आला नाही. तुमचा आला असता तर आम्ही वाजत गाजत आणला असता.”

चोपदाराने तिला वर बोलावलं. “तुमच्या चमच्यावर किती ठिपके, आजी?”

“एकोणीस आहेत. पण दोन कुणाचे ते सासूनं मला सांगितलं नाही आणि मला ठाऊक नाही. ते धरू नका. सतरा धरा.”

तिने सतरा नावं वाचली. डोंगरातून तिच्याबरोबर आलेल्या माणसांनी सतरा उत्तरं दिली. दोन ठिपक्यांवरून तिचं बोट न थांबता पुढे गेलं.

मग चोपदार शेठकडे वळला. “शेटजी, हैबती कुणाचा?”

शेठ पगडी सावरू लागला. चोपदाराने त्याच्या हातातून चमचा घेतला आणि दांड्यावरून अंगठा फिरवला. एकवीस ठिपके माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालेले, आणि शेवटचे चार अंगठ्याला खरखरीत लागले. राख आणि चिंच डोळ्यांना फसवतात, अंगठ्याला नाही.

“चार खोटे आहेत,” चोपदार म्हणाला.

“चार वगळा,” शेठ घाईघाईने म्हणाला. “एकवीस तर खरे आहेत. आत्ताच सगळ्यांनी ऐकलं. सतरापेक्षा एकवीस जास्त होतात.”

“होतात,” चोपदार म्हणाला. “तुम्ही एकवीस म्हणून उभे राहिला असता तर पहिला चमचा तुमचाच होता. तुमच्यापुढे कुणीच नव्हतं. पण दुधात मिठाचा खडा पडला की दूध किती होतं ते कुणी मोजत नाही, शेटजी. खोटा ठिपका निघाला तर चमचा वाचायचा नाही, तागडीत टाकायचा, हा देवीच्या दारचा नियम. तो माझ्या आज्याच्या आधीपासूनचा आहे.”

शेठने राजाकडे पाहिलं. राजाला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, पण त्याने देवळाकडे बोट दाखवलं. त्या राज्यात नियम राजापेक्षा जुना होता, आणि त्याचाही त्यांना अभिमान होता.

लोंबीचा चमचा तागडीत पडला. नुसत्या चांदीच्या वजनाने त्याची किंमत झाली, एका साध्या वाटीइतकी.

सतराच्या वर दुसरं कुणी उभं राहिलं नाही, म्हणून म्हातारीचा चमचा पहिला ठरला आणि त्याच्यावर बोली लागली. सात राज्यांतले लोक चढाओढीने बोलत होते, आणि राजवाडा प्रत्येकाच्या वर जात होता. चोपदाराने एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं, तीन वार म्हटलं, आणि काठी आपटली. मामाचा पाट मांडला गेला.

म्हातारी बिचकली. “महाराज, मामाच्या पाटावर बाई कशी बसेल?”

“आजी,” राजा म्हणाला, “सतरा पोरांना जेवायला शिकवणाऱ्या चमच्याचं तुम्हाला ठाऊक, पाटाचं आम्ही बघून घेतो. बसा.”

ती बसली. राजकन्येला तिच्या मांडीवर दिलं. बाळाने खिरीचा चमचा पाहिला, तोंडाचा आ केला आणि पहिला घास गिळून दुसऱ्यासाठी हात पुढे केला. देवळातले चौघडे वाजले. डोंगरातली माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागली. चोपदाराने सोनाराला हाक मारली, तेव्हा म्हातारा सोनार ताठ मानेने पुढे आला आणि त्याने राजकन्येचा ठिपका ठोकला.

शेठ तागडीपाशी गेला. आपला चमचा उचलून त्याने रुमालात गुंडाळला आणि तो निघाला. तेवढ्यात कुणीतरी त्याच्या वाटेत येऊन उभं राहिलं. तो बयाजी कुंभार होता.

“शेटजी,” कुंभार म्हणाला, “तिसरा ठिपका माझा.”

शेठने मान खाली घातली.

“तुम्ही माझं नाव विचारायला माझ्या भट्टीपाशी आला होतात, आठवतं? मी तुम्हाला फुटक्या मडक्यावर बसवलं होतं. तुम्ही गेल्यावर मी बायकोला सांगितलं, आपलं नाव चांदीवर आहे आणि शेटजींनी ते पाठ केलंय. त्यानंतर मी गावात मान वर करून फिरलो.” त्याने शेठच्या हातातल्या रुमालाकडे बोट दाखवलं. “आज राजकन्येच्या ओठाला आमचा चमचा लागणार होता. मी खरा होतो, शेटजी. मी ‘आहे’ म्हणालो होतो. मग मी तागडीत का गेलो?”

त्याच्या मागे ठकूचा नातू उभा होता. धर्माची सून होती. एकवीस घरांची माणसं होती. कुणी रागावलेलं नव्हतं. सगळे फक्त उत्तराची वाट पाहत होते.

तीन वर्षं हिंडून ज्याने प्रत्येक ठिपक्याला उत्तर शोधलं होतं, त्या शेठजवळ आज एकालाही द्यायला उत्तर नव्हतं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, लक्षात ठेवा: मिळालेल्या मानात जो आपल्या हाताने खोटी भर घालतो, त्याची भर तर जातेच, पण ज्यांच्यामुळे तो मान मिळाला, त्यांचाही मान तो घालवून बसतो.